मधल्या खोलीतली मादाम

माझी नणंद यशोधरा वारली, त्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला विहारात बरीच माणसं जमली होती. एकेक जण उठून बोलला. विदुषी होती, समाजाचं भूषण होती, मंगरूळपीरचं नाव तिनं पुण्यात नेलं. शेवटी माईक माझ्यासमोर आणला. मी म्हटलं, "मले काई बोलाचं नाई." लोकांना वाटलं, म्हातारीचा गळा दाटला. गळा दाटला नव्हता. मला जे बोलायचं होतं ते त्या दिवशी तिथे चाललं नसतं, एवढंच.

म्हणून आता घरी बसून लिहिते. मी चौथी शिकलेली आहे, आणि चौथीपर्यंत शिकवलेलं अजून विसरलेले नाही. यशोधराला काय काय येत होतं ते सांगणारे पुष्कळ आहेत. ती कशी होती ते मला माहीत आहे, कारण शेवटची वर्षं ती माझ्या घरात राहिली आणि तिचं ताट मी वाढत होते.

दीक्षेनंतर आमच्या घरात जन्मलेलं ते पहिलं मूल. तिच्या आधीच्या भावंडांची नावं भागा, गोदा, किसन. किसन म्हणजे माझे मालक. हिचं नाव मात्र सासऱ्यांनी चार शिकलेल्या माणसांना विचारून ठेवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकरात होती, तिच्या वेण्या मी घालत असे. ती मान हलवायची, आणि भांग वाकडा झाला की मलाच बोलायची. सासऱ्यांनी तिला नागपूरला वसतिगृहात ठेवून शिकवलं. तिथे ती फ्रेंच शिकली. फ्रेंचच का, ते घरात कोणाला कळलं नाही. कोणी विचारलं तर सासरे सांगायचे, "सायबाची भाषा हाय," आणि बिडी पेटवायचे. पुढे तिला पुण्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली, तिथेच ती निवृत्त झाली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर एकटी राहत होती. एकदा न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि माझा मुलगा विलास तिला आमच्याकडे घेऊन आला. विलास एसटीत कंडक्टर आहे. रोज शंभर माणसांना विचारतो कुठं जायचं म्हणून, पण आत्याला सामानासकट आणताना त्यानं मला विचारलं नाही.

आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. समोरची बैठक, मग मधली, मग स्वयंपाकघर. तिनं मधली खोली घेतली. बैठकीत रस्त्याचा आवाज येतो आणि स्वयंपाकघराला धूर आहे, म्हणून. त्या दिवसापासून आमचं घर दोन तुकडे झालं. स्वयंपाकघरातून बैठकीत चहा न्यायचा तर तिच्या खोलीतून जावं लागे, आणि ती म्हणाली, "वहिनी, आत येण्याआधी दार वाजवत जा." माझ्याच घराचं दार मी वाजवायचं. मी वाजवलं नाही. मी मागच्या दारानं निघून, घराला वळसा घालून, पुढच्या दारानं बैठकीत जायला लागले. चहा निवायचा. मग सून तसंच जायला लागली, विलासही. पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन आम्ही आमच्याच घराभोवती फिरत होतो. तिनं एकदाही म्हटलं नाही की मधून जा.

आल्या आल्या तिनं आमची भाषा सुधारायला घेतली. जेवताना मी म्हटलं, "मले वरण नको." ती म्हणाली, "मले नाही वहिनी. मला."

मी म्हटलं, "तुमची माय 'मले भाकर वाढ' म्हणूनच जेवली जलमभर. उपाशी नाई मेली."

"म्हणून बरोबर होतं असं नाही."

"मंग तुमी बरोबर जेवा, बाई. आमी जेवतो तसं जेवतो."

ती हसली नाही. तिला हसू यायचंच नाही. चिडायचीसुद्धा नाही. तिचा एक शब्द होता, "पुन्हा." शेजारच्या पोराला पाणी माग म्हटलं आणि तो 'पानी' म्हणाला, की "पुन्हा." मीटर बघायला आलेला माणूस 'लाईनीचं बिल' म्हणाला, की "पुन्हा." त्यानं दोनदा म्हटलं आणि मग पुढच्या महिन्यापासून तो बाहेरूनच मीटर वाचून जायला लागला. दुसरं एक वाक्य होतं, "अर्धं येणं म्हणजे न येणं." ते ती दिवसातून कितीदा म्हणायची कोण जाणे. माझी डाळ अर्धवट भिजली, त्यावरही ती म्हणाली होती.

जयंतीची एक गोष्ट सांगते. ती आली त्या वर्षी वस्तीतल्या पोरांनी तिला प्रमुख पाहुणी केलं. निळ्या पताका, मांडव, समोर बाया-पोरं. आमच्याकडच्या जिभेला 'ध' फारसा जमत नाही. पोरानं मोठ्या आदरानं पुकारलं, "आदरणीय यशोदराताई." ही काठी टेकत उठली आणि माईक धरून म्हणाली, "माझं नाव यशोधरा आहे. धरा. सगळ्यांनी म्हणा."

लोकांना वाटलं घोषणा आहे. सगळे मोठ्यानं ओरडले, "धरा."

"पुन्हा."

दुसऱ्यांदा फक्त पोरं ओरडली. तिसऱ्यांदा ती एकटीच म्हणाली. मग तिनं उच्चारावर भाषण केलं. मागे बुंदी आणि भाजी निवून गेली, लहान लेकरं आयांच्या मांडीवर झोपली. दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्यावर दिसली की पोरं बकरीमागे धावल्यासारखी ओरडायची, "धरा, धरा." ती थांबायची आणि म्हणायची, "आता बरोबर म्हणता आहात." पोरं चिडवतात हे तिला कळत नव्हतं असं नाही. चिडवतानाही 'ध' नीट आला, एवढंच तिनं मोजलं. त्यानंतर तिला कोणी मंचावर बोलावलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. प्रज्ञा माझी नात, विलासची मुलगी. इथल्या कॉलेजात बी.ए. झाली. तिची एक मैत्रीण आहे, कारंज्याची नसरीन. ती पुण्यात एका कंपनीत फोनवर काम करायची. फ्रान्समधली माणसं फोन करतात, आमची पेटी आली नाही, पार्सल फुटलं, तर त्यांना त्यांच्या भाषेत समजवायचं. नसरीननं प्रज्ञाला सांगितलं, "तुह्या घरात तर फ्रेंचची प्रोफेसर बसली हाय, तू शिकून घे. आमच्याकडं जागा निघतात." प्रज्ञानं ते मनावर घेतलं.

तेव्हाच वाशीमचे पाहुणे तिला पाहून गेले होते. मुलगा बरा होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यांच्या घरात सुनेनं नोकरीला बाहेर जायचं नाही, हे त्यांनी बैठकीत बसून, आमचे पोहे खात सांगितलं. प्रज्ञा मला म्हणाली, "आजी, मले लगन करायचं नाई असं नाई. पण आधी नोकरी करू दे. एकदा तिकडं गेली तं कोण सोडते मले?" विलास मुलीवर जीव टाकतो, पण पाहुण्यांना नाही म्हणायला घाबरतो. त्यानं वर्षभराची मुदत दिली. वर्षात नोकरी लागली तर ठीक, नाही तर वाशीमला होकार. पाहुणे थांबायला तयार झाले.

नसरीननं पुण्यात बोलायला शिकवणारा क्लास शोधला, राहायला खोलीही पाहिली. प्रज्ञाची बॅग भरून झाली. त्या दिवशी जेवताना यशोधरा म्हणाली, "मी घरात असताना ही मुलगी कुठल्या तरी क्लासात जाणार? मी आयुष्यभर काय केलं मग?" विलासनं बॅग परत आत ठेवायला सांगितली. आत्याला तो लहानपणापासून भितो.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मधल्या खोलीत वर्ग सुरू झाला. उंबरा ओलांडला की ती आत्याआजी नाही, मादाम. प्रज्ञानं आत जाऊन उभं राहायचं, "बोंझूर मादाम" म्हणायचं, मग बसायचं. यशोधरा तिच्या हाताच्या खुर्चीत बसायची, पांढरं कडक इस्त्रीचं लुगडं, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. हातात स्टीलचा चमचा. प्रज्ञा म्हणू लागली की ती खुर्चीच्या हातावर चमच्यानं ठेका धरायची, आणि प्रज्ञाच्या बरोबरीनं तिचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. दुसरा बोलत असताना हिचं तोंड गप्प राहू शकायचं नाही. लहानपणी विहारात वंदना म्हणतानाही ती अशीच पुढच्या पोराकडे बघत ओठ हलवायची, तो चुकतो का ते पाहायला.

आणि म्हणायचं काय, तर क्रियापदं. रोज सकाळी.

"क झ पार्लास, क त्यू पार्लास, किल पार्ला, क नू पार्लासियों, क वू पार्लासिए, किल पार्लास."

हे बोलण्याचं झालं. मग असण्याचं, जाण्याचं, करण्याचं, येण्याचं. प्रत्येकाची सहा सहा रूपं. पाठ करायची पद्धत आमच्या घरात एकच, वंदनेची. एका श्वासात जायचं आणि शेवटचा शब्द खाली सोडायचा. यशोधरा त्याच चालीत शिकली होती, त्याच चालीत शिकवत होती. शेजारची शेवंताबाई कुंपणावरून हुरडा द्यायला आली. तिच्या घरची शेती आहे, हुरडा झाला की आमच्याकडे येतोच. आतला आवाज ऐकून ती थबकली.

"काय व, आतमंदी काय पूजा चालू हाय?"

"फ्रेंच हाय."

"कायचं?"

"तिकडच्या लोकायची भाषा."

"लय लांबचा देव दिसते," शेवंता म्हणाली. "आमच्या घरी नंद आली तं सासूचे कान भरते. तुह्यी बरी, मंतर तं म्हणते."

"तू घेऊन जाय हिले. आठ दिवस ठेव."

"नको माय. माह्या म्हशी आटतीन."

महिने गेले आणि क्रियापदं संपेनात, तेव्हा मी तिला विचारलं. दार न वाजवता आत जाऊन विचारलं. "बाई, हे पार्ला पार्ला म्हणजे काय?"

तिनं समजावून सांगितलं, खोटं कशाला बोलू. शिकवताना ती तिरसट नव्हती. म्हणाली, "तिनं बोलावं अशी माझी इच्छा होती, असं आपण म्हणतो ना. त्यातलं ते 'बोलावं'. इच्छा मागची आहे. पुढे ती बोलली की नाही, ते वाक्यात नाही."

"आणि पेटी हरवलेला माणूस फोनवर असं बोलते?"

"नाही."

"मंग कोण बोलते?"

"आता कोणीच बोलत नाही. फ्रान्समध्येही नाही. जुन्या पुस्तकात सापडतं."

"मंग पोरीच्या डोक्यात कायले भरून राह्यल्या?"

"कारण ते सगळ्यात अवघड आहे. हे आलं की बाकीचं आपोआप येतं."

मी बाहेर आले. मला चुली-भांड्यातलं कळतं, आणि मला हे माहीत आहे की पुरणपोळी करायला शिकल्यानं भाकरी आपोआप येत नाही. पण विलासला म्हटलं तर तो म्हणाला, "आत्याले जास्त कळते, माय."

मग मुलाखत आली. घरूनच होती, लॅपटॉपवर. यशोधरानं ती मधल्या खोलीत ठेवली. प्रज्ञा टेबलाशी बसली, नवा पंजाबी ड्रेस घालून. मी म्हटलं, पोरीला एकटी बसू द्या. यशोधरा म्हणाली, "मी फक्त ऐकणार." आणि लॅपटॉपच्या मागे, पोरीच्या अगदी समोर, स्वतःची खुर्ची ओढून बसली. हातात चमचा. मी दारात उभी होते.

पडद्यावरचा माणूस पुण्याचा होता. काहीतरी विचारलं त्यानं, भरभर. प्रज्ञाला एकदम कळलं नाही. तिनं समोर आत्याआजीकडे पाहिलं. आत्याआजीचे ओठ हलायला लागले, चमचा टकटक करायला लागला, आणि पोरगी त्या ठेक्यावर बोलू लागली. एका श्वासात, वंदनेच्या चालीत, शेवटचा शब्द खाली सोडून. त्या माणसानं पुन्हा काही विचारलं. पुन्हा तेच. मग तो थांबला आणि मराठीत म्हणाला, "प्रज्ञा, तुम्ही समोर काही वाचताय का?"

"नाही सर."

"तुमची नजर सारखी वर जातेय. आणि टकटक कसली आहे? कॅमेरा जरा फिरवून दाखवा."

तिनं लॅपटॉप फिरवला. समोर यशोधरा, चमचा वर उचललेला, तोंड उघडं.

"मॅडम, आपण कोण?" तो म्हणाला.

कोणीही शहाणं माणूस काय म्हणालं असतं? मी तिची आजी, चुकले, बाहेर जाते. ही खुर्चीत सरळ झाली आणि फ्रेंचमध्ये बोलू लागली. चांगलं मोठं बोलली, ठासून. त्या माणसाचा चेहरा आधी आश्चर्याचा झाला, मग कंटाळ्याचा. त्यानं आभार मानले आणि पडदा काळा झाला.

"काय म्हणाल्या तुमी त्याले?" मी विचारलं.

यशोधरा चमचा पुसत म्हणाली, "त्याच्या पहिल्याच प्रश्नात चूक होती. ती सांगितली."

प्रज्ञा उठून गच्चीवर गेली. मी यशोधराकडे पाहत उभी राहिले. "बाई, थ्याच्या हातात नोकरी होती."

"माणूस कच्चा होता, वहिनी. त्याच्या हाताखाली ती काय शिकली असती?"

मला त्या वेळी तिच्या हातातला चमचा घेऊन शेवंताच्या उकिरड्यावर फेकावासा वाटला. फेकला नाही. तिला संध्याकाळी जेवायला वाढलं, आणि तिनं भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. पोरगी जेवायला आली नव्हती, ते तिनं विचारलंही नाही. त्यानंतरही कधी विचारलं नाही. आपल्यामुळे झालं, असं ती एका शब्दानं म्हणाली नाही. लोक म्हणतात तिचं मन मोठं होतं. कुठे ठेवलं होतं ते मला सापडलं नाही.

विलासनं दुसऱ्या दिवशी म्हटलं, वाशीमला होकार कळवतो. मी म्हटलं, "मुदत कितीची देली होती तुनं?"

"वर्षाची."

"वर्ष सरलं?"

"नाई. पण आता काय राह्यलं, माय?"

"जे राह्यलं थे पोरीचं हाय. तुह्यं नाई, आन् तुह्या आत्याचं तं बिलकुल नाई."

त्या दिवसापासून प्रज्ञा मधल्या खोलीत गेली नाही. संध्याकाळी नसरीन कामावरून सुटली की फोन करायची, आणि ही गच्चीवर बसून तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलायची. आज काय भाजी केली. बस का उशिरा आली. माझी पेटी हरवली, तुम्ही काय करणार. अडखळत, हसत, मध्येच मराठी, मध्येच हिंदी, की पुन्हा फ्रेंच. नसरीन रागावलेलं गिऱ्हाईक व्हायची आणि ही तिला समजवायची. कधी ही गिऱ्हाईक व्हायची आणि नसरीनला शिव्या घालायची. मला एक शब्द कळत नव्हता, पण दोन पोरी बोलतायत एवढं कळत होतं. मधल्या खोलीतून मला तसं कधी ऐकू आलं नव्हतं.

खाली यशोधराचा जीव वर-खाली व्हायचा. खिडकीशी खुर्ची ओढून बसायची, गच्चीवरचा एकेक शब्द ऐकायची, आणि चमचा वाजवायची. एकेका शब्दाला कण्हायची. दात दुखत असल्यासारखी. एकदा तिला राहवलं नाही. मोडक्या खुब्यानं, काठी टेकत, ती जिना चढू लागली. मी जिन्यातच बसले होते, सूप घेऊन तूर निवडत. मी हलले नाही.

"बाई, खाली चाला."

"बाजूला व्हा वहिनी. ती चुकीचं बोलते आहे."

"बोलून तं राह्यली."

ती जिन्याच्या पायरीवर टेकली. धाप लागली होती. वरून पोरीचं हसणं येत होतं. मग मी न विचारता तिनं सांगितलं. नागपूरला कॉलेजात एक मास्तर होता. पुस्तकातलं हे क्रियापदांचं प्रकरण आलं की आपल्या समाजाच्या वसतिगृहातल्या पोरांना म्हणायचा, हे तुम्ही सोडा, तुमच्यासाठी नाही, तुम्हाला साधं आलं तरी पुष्कळ. बाकीच्यांना शिकवायचा. हिनं ते प्रकरण आपलं आपण पाठ केलं आणि एक दिवस भर वर्गात उभं राहून सगळं म्हणून दाखवलं. एक चूक नाही. मास्तर खाली बघत राहिला.

"त्या दिवसापासून मला कोणी साधं दिलेलं चालत नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या घरातल्या मुलीनंही साधं घेऊ नये."

मी ऐकलं. त्या मास्तरचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण असली तोंडं मी पुष्कळ पाहिली आहेत. तिनं केलं ते ठीकच केलं. तरी मी म्हटलं, "मंग त्या मास्तरसंग भांडा. पोरीनं काय केलं तुमचं?"

"तो कधीच मेला."

"मंग झालं तं. चाला खाली, जिन्यात गार लागते."

ती उतरली. मी तूर निवडत राहिले. तिच्यासाठी मला वाईट वाटलं असेल, थोडं. पण वाशीमचे पाहुणे थांबलेले होते आणि वर्ष सरत आलं होतं, तेव्हा वाईट वाटण्यात वेळ घालवण्यासारखी स्थिती नव्हती.

नसरीनच्या ओळखीनं दुसऱ्या एका कंपनीची मुलाखत ठरली. तीही घरून, लॅपटॉपवर. रस्त्याचा आवाज नाही आणि धूर नाही, अशी मधली खोलीच. म्हणजे पुन्हा तीच खोली. प्रज्ञा म्हणाली, "आजी, त्याहिले कोण सांगीन?" मी म्हटलं, "मी हाय नं."

त्या सकाळी मी दार न वाजवता आत गेले. "बाई, उठा. खुर्ची बाहेर नेऊन राह्यली."

मला वाटलं भांडेल. माझी बोलायची सगळी तयारी झाली होती. ती उठली. खुर्ची मी उचलली आणि पुढच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत ठेवली. ती काठी टेकत आली आणि बसली. चमचा तिच्या हातात होता. मी हात पुढे केला. तिनं तो मला दिला. मग मी बैठकीचं पुढचं दार लावलं आणि उंबऱ्यावर, दाराला पाठ लावून बसले. ती माझ्यासमोर, आठ-दहा हातांवर.

आत सुरू झालं. खिडकी बंद असली तरी आवाज येत होता. बाईचा आवाज होता पलीकडे. तिनं विचारलं, प्रज्ञानं उत्तर दिलं. चाल नव्हती. भरभर, मध्येच थांबून, पुन्हा. मला भाषा येत नाही, पण पोरगी कुठे चुकते ते मला त्या दिवशी सगळं कळलं. कारण समोर यशोधरा बसली होती. चूक झाली की तिचा खांदा उडायचा. मोठी चूक झाली की दोन्ही हात खुर्चीचे हात घट्ट धरायचे. तिचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण मी तिच्याकडे पाहिलं तसं तिनं पदराचं टोक उचललं आणि तोंडात कोंबलं. इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर. दातांत धरला आणि डोळे मिटले.

लुगड्याला ती कधी डाग पडू देत नसे. जेवतानासुद्धा पदर मागे खोचायची.

तशी ती बसून राहिली. आत कोणीतरी हसलं, प्रज्ञा की ती बाई, कळलं नाही. यशोधराचा खांदा उडला, पुन्हा उडला, पण पदर तिनं सोडला नाही. शेवंता कुंपणापाशी आली, काही विचारणार तेवढ्यात मी हातानं गप्प केलं. तिनं यशोधराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गेली. ऊन सरकून यशोधराच्या पायांवर आलं. मी खुर्ची हलवून दिली नाही. पाणीही विचारलं नाही. उठले असते तर दार सुटलं असतं.

मग आतून कडी वाजली. मी बाजूला झाले. प्रज्ञानं अर्ध्या दारातून डोकं बाहेर काढलं.

"आजी, घेतलं मले. थांबाले सांगितलं हाय, अजून बोलणं चालू हाय." आणि माझ्या डोक्यावरून तिची नजर लिंबाखाली गेली.

यशोधरानं तोंडातून पदर काढला. टोक भिजून चोळामोळा झालं होतं, दात लागून एका जागी विरलं होतं.

"तिसऱ्या प्रश्नाला चुकलीस," ती म्हणाली.

"हो, मादाम," प्रज्ञा म्हणाली, आणि आत गेली. दार पुन्हा लागलं.

यशोधरा उठली. मी हात दिला, तो तिनं घेतला नाही. तिच्या खोलीत जायची वाट समोरून होती, बंद दारातून. आत पोरगी बोलत होती. ती दाराशी आली, थोडी थांबली, दारावर बोट ठेवलं. वाजवलं नाही. मग काठी टेकत वळली आणि भिंतीच्या कडेकडेनं, घराला वळसा घालून, मागच्या दाराकडे चालू लागली. आम्ही इतकी वर्षं ज्या वाटेनं चहा नेत होतो, त्याच वाटेनं. तिकडे ओट्याजवळ दगड उखडलेला आहे, ते तिला माहीत नव्हतं, कारण ती त्या बाजूला कधी आली नव्हती.

"दगड हाय तिथं, पाह्यजा," मी ओरडले.

तिनं मागे न बघता काठीनं दगड चाचपला आणि पलीकडे पाय टाकला. ओला पदर तिच्या पाठीवर लोंबत होता, आणि मग ती कोपऱ्याआड गेली.